दुकानाची वेळ आणि इस्पितळातील खाटा

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



दारूचा प्रश्न निघाला की समाजवादी कार्यकर्त्यांत दोन तट पडतात. एक तट म्हणतो, दारू ही गरिबाच्या संसाराला लागलेली कीड आहे, ती समूळ बंद झाली पाहिजे. दुसरा म्हणतो, पिणे ही ज्याची त्याची खाजगी बाब आहे. शासनाने माणसाच्या पेल्यात डोकावू नये, आणि डोकावले तर हातभट्टी आणि हप्ते यांचेच राज्य येते. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. मात्र दोघांनीही एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, ती ही की प्रश्न पिणाऱ्याचा आहे. एकाला पिणाऱ्याला सुधारावयाचे आहे, दुसऱ्याला त्याच्या मर्जीवर सोडावयाचे आहे. विकणारा मात्र दोघांच्याही नजरेआड राहतो.

आजचे विवेचन विक्रीपुरते आहे. दारू किती वाजेपर्यंत विकावी, किती ठिकाणी विकावी आणि कोणत्या भावाने विकावी, हे तीन निर्णय वरकरणी निव्वळ प्रशासकीय वाटतात. सरकारी इस्पितळाच्या अपघात विभागात रात्री किती जखमी येतील, हे या तीन निर्णयांवर बऱ्याच अंशी अवलंबून असते. हे विधान उपदेशाच्या स्वरूपाचे नाही. ते तपासता येते, आणि ते तपासण्याची दुर्मीळ संधी दक्षिण आफ्रिकेत २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत मिळाली.

चार वेळा बंद, चार वेळा सुरू

कोरोनाची साथ आली तेव्हा २७ मार्च २०२० पासून दक्षिण आफ्रिकेच्या शासनाने कडक टाळेबंदी पुकारली आणि तिच्याबरोबर दारूची विक्रीही संपूर्ण थांबविली. कारण उघड होते. साथीच्या रुग्णांसाठी खाटा हव्या होत्या, आणि एरवी त्या खाटा भोसकलेल्या, गोळी लागलेल्या, गाडीखाली सापडलेल्या माणसांनी भरलेल्या असत. १ जूनला विक्री पुन्हा सुरू झाली, आणि काही दिवसांतच इस्पितळांतील डॉक्टर जखमींचा लोंढा परत आल्याचे सांगू लागले. १२ जुलैच्या रात्री राष्ट्राध्यक्ष रामाफोसा यांनी तत्काळ अमलात येणारी दुसरी बंदी जाहीर केली. ती ऑगस्टच्या मध्यापर्यंत टिकली. तिसरी डिसेंबर २०२० च्या अखेरीपासून पुढील फेब्रुवारीच्या आरंभापर्यंत, आणि चौथी २०२१ च्या जून अखेरीपासून २५ जुलैपर्यंत होती.

पहिल्या बंदीवरून फारसे सिद्ध होत नाही, हे मान्य केले पाहिजे. त्या काळात रस्ते ओस होते, कारखाने बंद होते, माणसे घरात कोंडलेली होती. जखमी कमी झाले याचे श्रेय दारूबंदीला किती आणि टाळेबंदीला किती हे सांगता येत नाही. दुसरी बंदी मात्र वेगळी होती. जुलैपर्यंत कामधंदे पुष्कळसे सुरू झाले होते, वाहतूक चालू होती, आणि बंदी पूर्वसूचनेशिवाय आल्याने साठा करून ठेवण्यास कोणाला सवड मिळाली नाही. त्या पाच आठवड्यांचा अभ्यास संशोधकांनी आधीच्या वर्षांशी तुलना करून केला. इजांमुळे होणाऱ्या मृत्यूंमध्ये किमान १४ टक्के घट झाल्याचे त्यांना आढळले. हिंसक गुन्ह्यांतही ठळक घट दिसली.

त्याच सुमारास रात्रीची संचारबंदीही होती, तेव्हा श्रेय तिचे का नसावे, असा आक्षेप घेतला गेला. दुसऱ्या एका अभ्यासात याचाही विचार झाला. अपघात, खून, आत्महत्या अशा अनैसर्गिक मृत्यूंची निरनिराळ्या निर्बंधांच्या काळातील संख्या ताडून पाहिली असता असे दिसले की, विक्री संपूर्ण बंद असताना संचारबंदी लांब असो की आखूड, मृत्यू लक्षणीयरीत्या घटलेले होते; विक्री खुली किंवा थोडीच आवळलेली असताना अशी घट ठळकपणे दिसली नाही.

आकडे बाजूला ठेवले तरी एक रात्र लक्षात ठेवण्याजोगी आहे. सोवेटोमधील क्रिस हानी बारागवनाथ हे तीन हजारांहून अधिक खाटांचे, जगातील सर्वांत मोठ्या इस्पितळांपैकी एक. वर्षअखेरची रात्र म्हणजे तेथील अपघात विभागाची कसोटी. ३१ डिसेंबर २०२० च्या रात्री, तिसऱ्या बंदीच्या काळात, तो विभाग रिकामा असल्याचे वृत्त जगभर गेले.

या वृत्तात आनंद मानण्यापेक्षा त्याचा अर्थ समजून घेणे अगत्याचे आहे. दरवर्षी त्या रात्री त्या खाटांवर येणारी माणसे 'नशिबाने' येत नव्हती. त्यांच्या जखमांना दुकानाचे वेळापत्रक होते, पगाराची तारीख होती, शनिवारची रात्र होती. साथीच्या संकटात खाटा हव्या म्हणून शासनाने जे सत्य स्वीकारले, ते संकट नसताना त्याच शासनाला दिसत नव्हते. खाटा तेव्हाही अपुऱ्याच होत्या. त्यांच्यासाठी ताटकळणारा रुग्ण गरीब होता, इतकेच.

विकणारा कोण?

दक्षिण आफ्रिकेतील बरेच प्रौढ दारूला स्पर्शही करीत नाहीत. जे पितात त्यांच्यातील अनेक जण मात्र एका बैठकीत अतोनात पितात. हा काही त्या लोकांचा स्वभाव नव्हे. हा घडविलेला इतिहास आहे.

केपच्या द्राक्षमळ्यांत मजुरीचा काही भाग दारूच्या रूपाने देण्याची प्रथा डच वसाहतीच्या काळापासून होती. तिला 'डॉप' म्हणत. मळेवाल्याला आपला हलका माल खपविता येई आणि मजूर मळ्याला बांधलेला राही. १९६० च्या दशकात ती कायद्याने बंद झाली, तरी प्रत्यक्षात १९९० च्या दशकापर्यंत तिचे अवशेष राहिले.

सोन्याच्या खाणींतील कथा आणखी बोलकी आहे. इतिहासकार चार्ल्स व्हॅन ऑन्सेलन यांनी दाखविले आहे की, आरंभी खाणमालकांना दारू हवीच होती. कमाई दारूत गेली की मजूर गावी परत न जाता खाणीतच राही. पुढे नशेमुळे कामावर खाडे पडू लागले, तेव्हा त्याच मालकांना दारू नकोशी झाली, आणि १८९७ पासून ट्रान्सवालमध्ये आफ्रिकी लोकांसाठी संपूर्ण दारूबंदी लागू झाली. विक्रीही मालकाच्या सोयीसाठी, बंदीही मालकाच्या सोयीसाठी! बंदीच्या बाजूने बोलणाऱ्यांनी आणि विरुद्ध बोलणाऱ्यांनीही हा प्रसंग ध्यानात ठेवावा.

डर्बन शहराने त्याहून पुढचे पाऊल टाकले. १९०८ च्या नाताळ वसाहतीच्या कायद्याचा आधार घेऊन तेथील नगरपालिकेने ज्वारीची बिअर गाळण्याचा व विकण्याचा मक्ता स्वतःकडे घेतला. ही बिअर घरोघरी करून चार पैसे मिळविणाऱ्या स्त्रिया एका रात्रीत गुन्हेगार ठरल्या. पालिकेच्या बिअरगृहांतून जो नफा होई त्यातून काळ्या कामगारांच्या बराकी आणि त्यांच्यावर पाळत ठेवणारी यंत्रणा चाले. म्हणजे बेडीची किंमत बेडी ज्याच्या पायात त्याच्याकडूनच वसूल होत असे. पुढे हीच पद्धत इतर शहरांनी उचलली. १९२९ मध्ये डर्बनच्या कामगारांनी बिअरगृहांवर बहिष्कार घातला. जून १९५९ मध्ये केटो मॅनर वस्तीतील स्त्रियांनी त्यांच्यावर चाल केली. १६ जून १९७६ रोजी सोवेटोत विद्यार्थ्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या, त्यानंतर उसळलेल्या संतापात शासकीय मंडळाची बिअरगृहे आणि दारूची दुकाने जळाली, ती उगाच नव्हेत. त्या मुलांना ठाऊक होते की, शाळेसाठी पैसा नसलेल्या शासनाकडे बिअरगृहासाठी मात्र पैसा होता.

वर्णद्वेषी राजवट १९९४ मध्ये संपली. धंदा संपला नाही. १८९५ मध्ये स्थापन झालेली साउथ आफ्रिकन ब्रुअरीज वाढत वाढत जागतिक कंपनी झाली आणि २०१६ मध्ये एबी इनबेव्ह या त्याहून अवाढव्य कंपनीच्या पोटात गेली. दारू पिण्याचे किमान वय १८ वरून २१ करण्याचा आणि जाहिरातींना आळा घालण्याचा कायद्याचा मसुदा त्याच वर्षी जाहीर झाला, आणि वर्षानुवर्षे कपाटात पडून राहिला. साथीच्या बंदीत या कंपनीने न्यायालयाचे दार ठोठावले आणि एकूण पाच अब्ज रँडची नियोजित गुंतवणूक रद्द केल्याचे दोन हप्त्यांत जाहीर केले. गुंतवणूक हा शब्द अशा वेळी धमकीसारखा वापरता येतो.

आक्षेपांचा विचार

मग दक्षिण आफ्रिकेप्रमाणे कायमची बंदी घालावी काय? तसे म्हणणे घाईचे होईल. त्या बंदीच्या काळात चोरटी विक्री झाली, घरोघरी अननसाची दारू गाळली जाऊ लागली, विषारी दारूने माणसे दगावली. शासनाचे उत्पन्न बुडाले. वस्त्यांतील लहान गुत्ते चालविणाऱ्यांचा, त्यांत बऱ्याच विधवा आणि एकट्या बायका, घास गेला. त्यांना पर्यायी काम कोणी दिले नाही. जी उपाययोजना पाच आठवडे पेलते ती पाच वर्षे पेलेलच असे नाही.

मात्र बंदी उठविली म्हणजे विषारी दारू जाते, हेही अर्धसत्य आहे. मुंबईत विक्रोळीला डिसेंबर १९९१ मध्ये आणि मालवणीला जून २०१५ मध्ये विषारी दारूने शेकड्याच्या घरात माणसे मेली, तेव्हा त्या शहरात परवान्याची दुकाने राजरोस उघडी होती. मेलेल्यांना ती परवडत नव्हती. हातभट्टीचे मूळ जितके बंदीत तितकेच दारिद्र्यात आणि पोलिसी हप्त्यात आहे.

तेव्हा दक्षिण आफ्रिकेचा धडा बंदीचा नाही. विक्रीची तोटी आवळली की जखमींचा ओघ आटतो, हा तो धडा आहे. तोटी किती आवळावी आणि कोणी आवळावी, हा पुढचा प्रश्न.

तास, भाव आणि नोंद

ब्राझीलमधील साओ पाउलोजवळचे दियाडेमा हे कामगारांचे शहर. खुनांसाठी ते कुप्रसिद्ध होते. कामगार पक्षाच्या ताब्यातील नगरपालिकेने, बहुतेक खून रात्री आणि गुत्त्यांच्या आसपास होतात हे नोंदींवरून पाहिले, लोकांत प्रचार केला, आणि जुलै २००२ पासून रात्री ११ ते सकाळी ६ दारूविक्री बंद केली. दारू बंद झाली नाही. रात्र बंद झाली. इतर कारणे हिशेबात धरूनही खुनांची संख्या महिन्याला सुमारे नऊने घटल्याचे अभ्यासकांना आढळले. स्त्रियांवरील हल्ल्यांत मात्र तितकी निर्विवाद घट सिद्ध झाली नाही. गुत्ता लवकर बंद करून रस्ता सुरक्षित होतो. घर सुरक्षित करण्यासाठी आणखी काही करावे लागते, हे पुरुष कार्यकर्त्यांनी विसरता कामा नये.

ऑस्ट्रेलियातील सिडनी शहरात फेब्रुवारी २०१४ मध्ये किंग्ज क्रॉस आणि शहराच्या मध्यभागातील मद्यगृहांत रात्री दीडनंतर नव्या गिऱ्हाइकास प्रवेश नाही आणि तीननंतर पेला भरावयाचा नाही, असा नियम आला. जवळच्या सेंट व्हिन्सेंट इस्पितळाच्या अपघात विभागाने आधीचे वर्ष आणि नंतरचे वर्ष ताडून पाहिले. दारूशी संबंधित गंभीर जखमींचे प्रमाण सुमारे पाव हिश्श्याने उतरले होते. शनिवार-रविवारी तर त्याहून अधिक. तरीही शहराचे 'रात्रीचे अर्थकारण' बुडते, अशी ओरड धंदेवाल्यांनी चालू ठेवली. जानेवारी २०२० मध्ये मध्यभागातून आणि मार्च २०२१ मध्ये किंग्ज क्रॉसमधून प्रवेशबंदीचा नियम उठला. न फुटलेल्या कवटीला संघटना नसते, धंद्याला असते.

स्कॉटलंडने भावाचा मार्ग धरला. दारूतील मद्यार्काच्या प्रत्येक एककामागे ठरावीक किमान भावापेक्षा कमी भाव लावू नये, असा कायदा तेथील संसदेने २०१२ मध्ये केला. व्हिस्की उत्पादकांच्या संघटनेने तो न्यायालयांत पाच वर्षे अडवून धरला, आणि १ मे २०१८ रोजी तो अमलात आला. केवळ दारूमुळे होणारे मृत्यू एरवीच्या अपेक्षेपेक्षा १३.४ टक्क्यांनी कमी झाले, असा निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. अपघात विभागांत दारूमुळे येणाऱ्यांच्या संख्येत मात्र तशी घट आढळली नाही. हे विसंगत वाटले तरी समजण्यासारखे आहे. किमान भावामुळे दुकानातील सर्वांत स्वस्त, घरी नेऊन प्यावयाची दारू महाग होते. मद्यगृहातील पेला आधीच त्याहून महाग असतो. भावाचा उपाय यकृतापर्यंत पोचतो, मध्यरात्रीच्या मुठीपर्यंत पोचत नाही. मुठीसाठी घड्याळ लागते. कोणता उपाय कोणत्या जखमेवर, याचा विवेक केल्याशिवाय धोरणाची मागणी करणे व्यर्थ होय.

हा विवेक येण्यासाठी नोंद लागते. वेल्समधील कार्डिफ शहरात जबड्यांवर शस्त्रक्रिया करणारे डॉ. जोनाथन शेफर्ड यांच्या लक्षात आले की, आपल्याकडे येणाऱ्या मारहाणीच्या कित्येक जखमींची पोलिसांकडे नोंदच नसते. त्यांच्या पुढाकाराने अपघात विभागात प्रत्येकाला घटना कोठे, केव्हा आणि कशाने घडली हे विचारले जाऊ लागले, आणि नावे वगळून ती माहिती पोलीस व नगरपालिका यांना दर महिन्याला मिळू लागली. कोणते मद्यगृह, कोणता चौक, कोणता वार, हे उघड झाले. तुलनेला घेतलेल्या शहरांच्या मानाने मारहाणीमुळे इस्पितळात दाखल होणाऱ्यांचे प्रमाण ४२ टक्क्यांनी कमी झाल्याचे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले.

महाराष्ट्रातील कार्यकर्त्यांपुढील काम

सर्वोच्च न्यायालयाने १५ डिसेंबर २०१६ रोजी राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री नको, असा निर्णय दिला. रस्त्यावरील मृत्यू हेच त्यामागील कारण होते. लगेच ठिकठिकाणी शहरांतून जाणाऱ्या महामार्गांची कागदोपत्री जातच बदलण्याची धावपळ सुरू झाली. रस्ता तोच, वळण तेच, ट्रकही तेच. फक्त फलक बदलला. पुढे नगरपालिका हद्दीतील दुकानांना सवलतही मिळाली. महसूल खात्याच्या जमेच्या बाजूला दारूचे उत्पन्न ठळक दिसते. खर्चाच्या बाजूला आरोग्य खात्याच्या टाक्यांचा, प्लास्टरचा, रक्ताच्या बाटल्यांचा हिशेब कोणी मांडीत नाही. कारण ती दोन खाती वेगळी आहेत, आणि त्या दोहोंची बेरीज करणारे तिसरे खाते नाही. ही बेरीज करणे हे राजकीय पक्षाचे काम आहे.

'आडवी बाटली'च्या मतदानाचा अधिकार राज्यात आहे. गावातील किंवा प्रभागातील २५ टक्के महिलांनी अथवा मतदारांनी मागणी केली तर गुप्त मतदान होते, आणि आवश्यक तेवढी मते आडव्या बाटलीला पडली तर दुकान बंद होते. हा अधिकार स्त्रियांनी लढून मिळविलेला आहे आणि मोलाचा आहे. तथापि तो दुकान असावे की नसावे एवढेच विचारतो. दुकान नवाला बंद व्हावे की अकराला, शाळेच्या आणि एस. टी. स्टँडच्या किती जवळ असावे, एका वस्तीत किती परवाने असावेत, हे ठरविताना वस्तीला कोणी विचारीत नाही. ते विचारले जावे, ही मागणी आंदोलनाच्या कार्यक्रमात आली पाहिजे. तिच्याबरोबर आणखी एक मागणी साधी आणि बिनखर्चाची आहे. सरकारी इस्पितळाच्या कॅज्युअल्टीत पोलिसांसाठी नोंदवही असतेच. जखमीचे नाव वगळून घटनेची जागा, वेळ आणि दारूचा संबंध यांची महिनेवार बेरीज ग्रामपंचायतीला आणि नगरपालिकेला मिळावी. परवान्याच्या नूतनीकरणापूर्वी ती बेरीज वाचली जावी. ज्या दुकानाभोवती जखमा साठतात त्या दुकानाने आपली वेळ गमवावी.

दारूच्या बाटलीचा नफा एका खिशात जातो आणि तिने केलेली जखम दुसऱ्या अंगावर होते. त्या अंगाला बहुधा मजूर, बाई, पादचारी अशी नावे असतात. पिणाऱ्याला उपदेश करणे सोपे आहे, कारण तो एकटा असतो. विकणाऱ्याच्या घड्याळाला हात घालणे अवघड आहे, कारण त्यामागे कंपनी आणि शासनाची तिजोरी उभी असते. अवघड काम कोणते, हे ठरले की पक्षाचे काम कोणते, हेही ठरते.